चाकांवरचे बिऱ्हाड

गेल्या महिन्यात या सदरात वाईच्या घाटांविषयी लिहिताना ‘रात्री बिऱ्हाडातच निजलो’ असे एक वाक्य लेखणीतून सहज उतरून गेले. वाईस आमचे बिऱ्हाड कोठले, असा प्रश्न त्यावरून बऱ्याच वाचकांस पडलेला दिसतो. एका भगिनीने तर ‘गुरुजींनी वाईस वाडा घेतला की काय?’ असे विचारले आहे. वाडा घेण्याइतकी मास्तरकीची कमाई कधीच नव्हती. ते बिऱ्हाड आंबिवलीहून आमच्याबरोबर चाकांवर आले होते आणि तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबरच परत गेले. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी दोघांपाशी तसलेच वाहन आहे. एक गृहस्थ सांगलीचे, दुसरे नाशिकचे. ‘तुम्ही आमच्यातलेच निघालात, तर आता आपली व आपल्या गाडीची ओळख यथास्थित करून द्या,’ असा त्यांचा आग्रह. भवभूतीला समानधर्म्याची वाट पाहावी लागली. मला दोन समानधर्मी एकाच टपालाने मिळाले. तेव्हा आजचे हे पान त्यांच्यासाठी. इतर वाचकांनी ते वाचू नये असे मात्र नव्हे.

प्रथम माझी ओळख. कसाऱ्याकडे जाणाऱ्या आगगाडीत शहाड सोडले की टिटवाळ्याच्या अलीकडे आंबिवली लागते. तेथे आमचे जुने बैठे घर आहे. मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन केले आणि चौतीस वर्षे शाळेत संस्कृत व मराठी शिकविले. घरात आम्ही नऊ माणसे: थोरल्या वहिनी, मी व माझे कुटुंब, धाकटे बंधू व त्यांचे कुटुंब, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे. थोरले बंधू निवर्तल्यास बारा वर्षे झाली. वहिनींचे वय एकोणऐंशी. या गाडीची कथा खरे पाहता त्यांचीच आहे.

गाडी म्हणजे ‘फोर्स ट्रॅव्हलर’ जातीचे वाहन, आतून घरासारखे सजविलेले. आत माझ्यासारखा मध्यम उंचीचा मनुष्य ताठ उभा राहतो. दोन बाके आहेत, ती रात्री जोडली की तिघांची शय्या होते. एका बाजूस ओटा व लहानशी शेगडी, मागील कोपऱ्यात दार लावता येईल अशी मोरी व शौचकूप. कुटुंबाने पहिल्याच दिवशी ‘देव कुठे ठेवायचे?’ असे विचारल्यामुळे ओट्याच्या वर एक फडताळ वाढवून घेतले. मी ही गाडी बांधवून घेतली नाही. पुण्याच्या एका गृहस्थांकडून तयार, मोटार-कॅराव्हॅन म्हणून रीतसर नोंदलेली अशी जुनी विकत घेतली. अकरा लाख रुपये पडले. हे सांगण्याचे कारण असे, की ज्या कोणास जुनी बस किंवा टेम्पो घेऊन घरच्या सुताराकडून घर थाटावेसे वाटत असेल, त्याने मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम आधी वाचावे. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार परस्पर करण्यास त्यात मनाई आहे. मोटार-कॅराव्हॅनसाठी ए.आय.एस. १२४ या नावाचे स्वतंत्र प्रमाणकही आहे. आधी गाडी फोडून मागाहून परवानगीसाठी खेटे घालणारे एक गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. त्यांची गाडी दीड वर्ष अंगणात उभी असून तीत सध्या कोंबड्या राहतात.

गाडीचे नाव आम्ही ‘चक्रचर’ ठेवले आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात गृहस्थाच्या राहणीचे शालीन, यायावर आणि चक्रचर असे तीन प्रकार येतात. शाळेत, म्हणजे घरात, राहणारा तो शालीन. चक्रचर हा क्रमाक्रमाने फिरत राहणारा. त्याच्या नावातील ‘चक्र’ हे गाडीचे चाक नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण चौतीस वर्षे मुलांच्या व्युत्पत्ती दुरुस्त केल्यावर एक चुकीची व्युत्पत्ती स्वतःसाठी वापरण्याचा अधिकार मला असावा.

आता ही गाडी घेतली कशी, ते सांगतो.

वहिनींना हृदयाच्या दुखण्यामुळे पायांवर सूज येते. त्यासाठी डॉक्टरांनी लघवीची गोळी सुरू केली, त्यास नऊ वर्षे झाली. ती घेतली की दर अर्ध्या तासाने लघुशंकेस उठावे लागते. गोळी सुरू झाल्यापासून वहिनी हळूहळू घराबाहेर पडेनाशा झाल्या. प्रथम लग्नकार्यांस नकार, मग पुतणीच्या बारशास, मग कल्याणच्या बाजारास. कारण विचारले की ‘गुडघे साथ देत नाहीत हो, भाऊजी.’ गुडघे दुखत असतीलही. पण त्याच गुडघ्यांनी त्या पहाटे अंगण झाडीत. हे मी रोज पाहत होतो, आणि तरीही त्यातली विसंगती माझ्या ध्यानात आली नाही.

चार वर्षांपूर्वी डोंबिवलीस भाच्याची मुंज होती. सर्वांनी फारच आग्रह केला म्हणून वहिनी निघाल्या. भाड्याची मोटार शहाडच्या पुलापर्यंत पोचते न पोचते तोच त्यांना घेरी आली. ओठ कोरडे, हातपाय गार. तशीच गाडी दवाखान्याकडे वळविली. डॉक्टरांनी सलाईन लावले व एकच प्रश्न विचारला: ‘आजी, पाणी कधी प्यायलात?’ आदल्या दिवशी दुपारी. रात्रीचे ताकही त्यांनी घेतले नव्हते. गोळी मात्र घेतली होती, कारण ती चुकवू नये असे त्यांना बजावलेले होते. मुंजीच्या कार्यालयातील शौचालय जिना चढून वर आहे असे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते, आणि वाटेत कोठे उतरण्याजोगी सोय नाही हे त्यांना ठाऊकच होते.

त्या रात्री मी कुटुंबास विचारले, की प्रवासाला निघताना पाणी न पिणे हा प्रकार काय आहे? ती म्हणाली, ‘अहो, आम्ही सगळ्याच तसं करतो.’ धाकट्या भावजयीस विचारले, सूनबाईस विचारले, तेच उत्तर. सूनबाई रोज लोकलने ठाण्यास नोकरीला जाते. ती सकाळी सहा वाजता चहा घेते आणि कचेरीत पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही.

मला झोप आली नाही. चौतीस वर्षांत मी शाळेच्या बत्तीस सहली नेल्या. कार्ले, शिवनेरी, रायगड, एकदा वेरूळ. संध्याकाळी बसमध्ये मुलींच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच परत येत, मुलांच्या रिकाम्या. ‘पाहा, मुली कशा जपून वापरतात,’ असे मी मुलांना त्या बाटल्या दाखवून सांगत असे. एकाही मुलीने माझे म्हणणे खोडून काढले नाही. त्यांतील कित्येक जणी आज आया झाल्या आहेत. या सदराच्या वाचकही असतील. त्यांनी हे वाचले तर मास्तरांना उशिरा का होईना समजले, एवढे त्यांना कळावे.

गाडी घेण्याचा विचार त्यानंतरचा. धाकटे बंधू बँकेत होते. त्यांनी कागद पेन्सिल घेऊन मला गणित करून दाखविले. अकरा लाखांत आंबिवली ते वाई व परत अशा भाड्याच्या मोटारीच्या शंभर खेपा होतात. वहिनी आता शंभर वेळा वाईस जाणार आहेत काय? शिवाय विमा, डिझेल, दुरुस्ती. हा माझ्या फंडाचा पैसा होता. तरी एकत्र घरात एकाचा पैसा असा एकाचा नसतो. छपराची कौले उतरवायची राहिली होती, आणि तो खर्च पुढे गेला. दोन महिने बंधू माझ्याशी कामापुरतेच बोलले. त्यांचे गणित बिनचूक होते, हे मी येथे नमूद करतो. भाड्याच्या मोटारीत मोरी नसते, एवढेच त्या कागदावर लिहायचे राहिले होते.

वाईचा उल्लेख आला याचे कारण, वाई हे वहिनींचे माहेर. त्यांचे थोरले बंधू पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते आणि बहीण-भावांची भेट होऊन अकरा वर्षे झाली होती. मागील मार्गशीर्षात आम्ही निघालो. वहिनी, कुटुंब व मी. चालत्या गाडीत कोणी निजायचे नाही, पट्टा बांधून बसायचे, हा माझा पहिला नियम. सूर्यास्तापूर्वी मुक्काम, हा दुसरा. शिळफाटा, कळंबोली, मग द्रुतगती मार्ग, पुणे बाहेरून टाकून खंबाटकीचा घाट व सुरूर फाट्याहून आत. दुसरा कोणी हे अंतर पाच तासांत काटील. आम्हांस साडेनऊ लागले. द्रुतगती मार्गावर वाटेल तेथे थांबण्यास मनाई आहे, म्हणून तेथील उपाहारगृहांच्या तळांवरच दोनदा थांबलो, एरवी तासातासाला. प्रत्येक वेळी वहिनी गाडीतल्या गाडीत चार पावले चालत, दार लावीत, परत येऊन बसत. पहिल्या दोन वेळा त्यांनी ‘तुमचा खोळंबा होतो’ असे म्हटले. तिसऱ्या वेळेपासून म्हणेनाशा झाल्या. शिरवळच्या पुढे त्यांनी कुटुंबाकडे कोकम सरबत मागितले.

खंबाटकी चढताना ओट्याखालचा खण उघडला आणि तुपाची बरणी थेट माझ्या पायाशी आली. समानधर्मी मंडळींनी ध्यानात ठेवावे: घरी खणाला मूठ पुरते, गाडीत खिट्टी हवी.

वाईच्या आळ्या अरुंद. गाडी नदीकाठच्या मोकळ्या जागेत परवानगीने उभी केली व वहिनींना हात धरून चालवत नेले. बंधूंचे शब्द स्पष्ट उमटत नव्हते. वहिनी त्यांच्या उशाशी बसल्या. दोघे फारसे बोललेच नाहीत. भाचेसुनेने पाणी आणले. वहिनींनी ते प्यायले आणि आणखी एक भांडे मागून घेतले. मी उठून बाहेर आलो व प्राज्ञपाठशाळेकडे चक्कर मारून तासाने परतलो, तो दोघे तशीच बसलेली. दोन रात्री आम्ही घाटाजवळ गाडीत काढल्या. पहाटे कृष्णेचा गारवा खिडकीच्या जाळीतून आत येई आणि ढोल्या गणपतीची घंटा अंथरुणातून ऐकू येई. फाल्गुनात बंधू गेले.

आता गाडीसंबंधी दोन्ही गृहस्थांनी जे विचारले त्याची उत्तरे. विजेसाठी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे. दोन्ही आकडे गुणले की २४०० वॉट-तास होतात. २५ वॉटचा पंखा नऊ तास चालला तर २२५ खर्ची पडतात. दिवे व लहान शीतकपाट धरून दोन रात्री सूर्याशिवाय निघतात. वातानुकूलित यंत्र मात्र ९०० वॉट ओढते, म्हणजे अडीच तासांत सगळी शिदोरी संपली. आम्ही ते काढूनच टाकले. छतावर सौरपत्रे आहेत. आषाढ-श्रावणात त्यांचा उपयोग छत्रीइतकाच. पाण्याची टाकी ९० लिटरची, आणि ९० लिटर म्हणजे ९० किलो; निघताना ती भरून घेणे म्हणजे एक जास्तीचा पाहुणा विनाकारण घाट चढविणे होय. मुक्कामाजवळ भरावी. नळाऐवजी तांब्याने पाणी घेण्याची आपली जुनी सवय येथे फार उपयोगी पडते; तिघांस दिवसाला ३५ लिटर पुरते.

गॅसविषयी थोडे अधिक लिहितो, कारण चूक झाली तर ती जिवावरची असते. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळला तर तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारे भोक हवे. आमच्या गाडीत ते आधीच्या कोणा कारागिराने ‘उंदीर येतात’ म्हणून बुजविलेले होते! मी ते उघडून जाळी बसविली. बंद खिडक्यांत शेगडी पेटवू नये, आणि थंडीत ऊब म्हणून तर मुळीच नव्हे. अपुऱ्या हवेत जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शौचकूपाची खालची पेटी २० लिटरची, ओढून बाहेर काढता येते. तिघांस दोन दिवस. ती रिकामी करण्याचे काम माझे; सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मला ते पहिल्या दिवशी जड गेले, दुसऱ्या दिवशी नाही. मालकाची परवानगी घेऊन ती शौचालयातच रिकामी करावी. शेतात, ओढ्यात, नदीत कदापि नव्हे. ‘रात्रीच्या अंधारात कोण पाहतो’ असे लिहिणाऱ्या नाशिककरांशी माझे या एका बाबतीत जमणार नाही.

मुक्कामाची जागा हाच या छंदातला खरा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात वाहनांबरोबर तळांचाही विचार आहे: गाडी उभी करण्यास जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह. धोरण चांगले आहे. मला मात्र आजवर रात्र काढण्यास मिळाली ती पेट्रोल पंपांची आवारे, भक्तनिवासांचे वाहनतळ, जुन्या विद्यार्थ्यांची अंगणे आणि एकदा ओतूरच्या अलीकडे द्राक्षबागेचे खळे. चारही ठिकाणी आधी विचारले, म्हणून चारही ठिकाणी चहा मिळाला.

इंग्रज लोकांत ही हौस जुनी आहे. आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टल येथे ‘वाँडरर’ नावाचे चाकांवरचे घर बांधवून घेतले व दोन घोडे जुंपून ते इंग्लंडातील ट्वायफर्डहून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. बरोबर गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा व एक काकाकुवा. वाट मोकळी आहे ना हे पाहण्यास नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे धावे. १९०७ साली तेथे अशा हौशी लोकांचा क्लबही निघाला.

आपल्याकडे चाकांवर घर करणारे निराळे आहेत. गाडी-लोहार सर्वांनी पाहिले असतील. लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या लाकडी गाड्यांतून फिरणारे. १५६८ साली चितोड पडले तेव्हा घरात न राहण्याची प्रतिज्ञा पूर्वजांनी केली, असे ते सांगतात. १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी चितोडगडावर पुन्हा पाऊल टाकले. तरी पुष्कळांना अजून पक्के घर मिळालेले नाही. मुरबाडच्या रस्त्यावर त्यांच्या तळाशेजारी आम्ही एकदा दुपारी थांबलो. विळीला धार लावून घेतली. एका म्हातारीने गाडीत डोकावून चूल पाहिली, अंथरुणे पाहिली, आणि मला विचारले, ‘मास्तर, तुमचं घर कुणी पाडलं?’ मला उत्तर सुचले नाही. वहिनींनी तिला आत बोलाविले व मागले दार उघडून दाखविले. ती बराच वेळ तेथे उभी राहिली.

धाकटे बंधू गेल्या चातुर्मासात ओझरला आमच्याबरोबर आले होते. परतताना माळशेजात धुके दाटले. त्यांनीच ‘दादा, इथेच थांबू’ म्हणून गाडी कडेच्या सुरक्षित तळावर घ्यावयास लावली व चहा स्वतः केला. कौले या वैशाखात उतरवायची ठरली आहेत.

सांगलीकर गृहस्थांनी गाडी पाहण्यास येतो असे लिहिले आहे; अवश्य यावे. नृसिंहवाडीस देवळाजवळ गाडीसाठी कोठे जागा मिळते, आणि नदीला पाणी नसेल असे कोणते दिवस बरे, ते येताना विचारून यावे. वहिनींनी पंचांग काढून ठेवले आहे. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी चढते, त्यावर मी कोळशाच्या पिशव्या ठेवून पाहिल्या, फारसा गुण नाही. कोणास उपाय ठाऊक असल्यास कळवावा. घर स्टेशनापासून पायी दहा मिनिटे. बाजूच्या फाटकाने यावे. पुढील फाटकाशी चक्रचर उभा असतो, आणि दुपारी दोन ते चार त्यात वहिनी वाचीत बसलेल्या असतात.